सावली ज्याची त्याले वापस

दिगांभाऊ नमस्कार करायच्या आधी माणसाची हनुवटी वर करतो. दोन बोटांनी. समोर कोण आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. रिसोडच्या स्टँडवर त्याने एकदा ड्युटीवरच्या कंडक्टरची हनुवटी वर केली, तेव्हा बस पाच मिनिटं उशिरा सुटली. एका मयतीला फोटो काढायला बोलावलं, तर तिरडीजवळ उभा राहून सवयीनं म्हणाला, "काका, जरासक इकडं पा." रडणारे सगळे थांबले. काकांनी काही पाहिलं नाही.

हनुवटी वर केली की तो आकडा सांगतो. "तुह्यावर आज चाळीस हाये." म्हणजे चेहऱ्यावर चाळीस टक्के सावली. कॉम्प्युटरवर फोटोतला अंधार उजळायची एक पट्टी असते. तिच्यावरचं बटन माउसने उजवीकडे सरकवलं की डोळ्यांच्या खोबणीतला, नाकाशेजारचा काळोख निवळतो. पंचवीस वर्षं ती पट्टी सरकवून सरकवून दिगांभाऊला आता माणसं पट्टीसकटच दिसतात. लग्न केलं नाही. का, तर म्हणतो, "बायोडाटाले माहा फोटो कोन काढन?"

त्याची माझी ओळख भांडणातून झाली. भांडायला मीच गेले होते. मी केनवडची, माझा रंग काळा. सावळा नाही, निमगोरा नाही, काळा. आमच्याकडे स्टुडिओवाले बायोडाटाच्या फोटोसाठी पोरींना चुन्यात बुडवून काढतात. मग पाहायला आलेली मंडळी फोटोतल्या मुलीला शोधत घरभर हिंडतात. याविरुद्ध मी पत्रक काढलं होतं. पाचशे प्रती, वर ठळक अक्षरात 'रंगावरून पोरींची किंमत करणाऱ्यांचा जाहीर धिक्कार!' आणि खाली दोषी स्टुडिओंची यादी. यादीत पहिलं नाव दिगांभाऊच्या 'उजेड फोटो स्टुडिओ'चं, कारण त्याच्या पाटीवरच लिहिलं होतं: 'चेहऱ्यावरील सावली काढून मिळेल'.

मी पत्रक त्याच्या काउंटरवर आपटलं. "हे काय लावलं भाऊ तुमी? पोरींचे रंग बदलून राह्यले?"

त्याने पत्रकाकडे पाहिलंच नाही. माझी हनुवटी वर केली.

"पस्तीस," तो म्हणाला. "रागाचे पाच धरून."

"हात काढा!"

"काढला. बस आता. थ्या बल्बखाली नोको, इकडं बस."

मी बसले. का बसले, याचा खुलासा मी आजवर कोणत्याच पत्रकात केलेला नाही. त्याने फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला आणि बटन सरकवलं. माझे डोळे वर आले. इतकी वर्षं भुवयांच्या आडोशाला बसले होते, ते दारात येऊन उभे राहिले. आणि रंग? होता तोच, तसूभर हललेला नाही.

"रंग तुह्या मायबापाचा हाये. त्याले हात लावाची माही काय औकात?" तो म्हणाला. "आन हे सावली कोनाची? खिडकीची. थे खिडकीले वापस. ज्याची त्याले वापस द्याची, एवढंच माहं काम."

तेवढ्यात एक गृहस्थ आत आले. पोरीचा फोटो पुढे करून हळूच म्हणाले, "भाऊ, दोन नंबर गोरी करून द्या."

"चुना आनला का?"

"कायले?"

"आंदी तुह्या तोंडाले लावून पाहू. जमलं त पोरीचं पाहू."

गृहस्थ निघून गेले. घरी येऊन मी पाचशे प्रतींवरून एकेक करून त्याचं नाव खोडलं. तेव्हापासून मी त्याच्याकडे जाऊन बसते, पट्टी सरकवायलाही तिथेच शिकले.

पण हा माणूस सावली काढताना आजूबाजूला पाहत नाही, हा त्याचा दोष मी लपवणार नाही. एका गावाचं, नाव घेत नाही, उघड्यावर कोणी बसत नाही म्हणून कौतुक झालं होतं. पंचमंडळींनी बाभळीखाली फोटो काढून घेतला. सावलीने सगळ्यांची तोंडं डांबरासारखी. दिगांभाऊने बटन सरकवलं. तोंडं उजळली. बाभळीमागचा अंधारही उजळला. गावाच्या वेशीवर मोठा फ्लेक्स लागला: 'आमचे गाव, हागणदारीमुक्त गाव'. दुपारी एका म्हातारीने विचारलं, "आपले उपसरपंच फोटोत काहून नाई?" लोकांनी शोधलं. सापडले. बाभळीमागे, हातात टमरेल.

सरपंच स्टुडिओत येऊन ओरडले, "तुले दिसलं नाई का?"

"दिसलं ना. मले वाटलं, थे बी कमिटीतच हायेत."

तर असा हा माणूस. आणि याच्याच खुर्चीमागे भिंतीवर एक फोटो होता, तो पाहून माझं डोकं फिरायचं. शिरपूरच्या यात्रेतला, जुना. एक बाई, शेजारी सहा-सात वर्षांचा दिगांभाऊ, ढगळ सदऱ्यात. आणि खालून, फोटो काढणाऱ्याच्या पायापासून निघालेली लांबलचक काळी सावली. जमिनीवरून सरपटत पोराच्या अंगावर चढलेली, तिचं डोकं थेट त्याच्या अर्ध्या तोंडावर. उन्हातला डोळा मिटलेला, सावलीतला उघडा. उन्हाकडे पाठ करून उभं राहिलं की आपली सावली पुढे पडते, एवढंही त्या फोटोवाल्याला कळलं नव्हतं! आणि रिसोडभरच्या लोकांच्या सावल्या काढणारा माणूस स्वतःच्या तोंडावर एवढं गाठोडं घेऊन बसतो? हा दुटप्पीपणा मला सहन होण्यातला नाही.

"भाऊ, हे काहून नाई काढत?"

"राहू दे. थे ऐंशी हाये."

मला वाटलं, ऐंशीला घाबरला.

एके दिवशी तो लग्नाच्या ऑर्डरला गेला आणि स्टुडिओ माझ्यावर सोडला. मी ती फ्रेम उतरवली, फोटो स्कॅन केला आणि तीन तास घाम गाळला. आधी चेहरा उजळला, मग सदरा, मग जमिनीवरचा डाग पुसून त्यावर आजूबाजूची माती पसरली. पोराचं तोंड लख्ख निघालं. प्रिंट काढली, नव्या फ्रेममध्ये घालून भिंतीवर लावली. जुनी काउंटरखाली ठेवली.

दिगांभाऊ आला. माझी हनुवटी वर केली. "दहा! काय वो, लय खुशीत?"

मग त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. तो जवळ गेला. वाकून फोटोच्या खालच्या कडेपाशी पाहू लागला, काहीतरी पडलं असेल तसं.

"माहा बा कुठी गेला?" तो म्हणाला.

मी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"यात्रेत फोटो काढे थो," दिगांभाऊ भिंतीशीच बोलत होता. "लोकाइचे. त्याचा कोनीच काढला नाई. आमाले एवढाच होता."

मी काउंटरखालची फ्रेम काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती शर्टाच्या बाहीने पुसली. त्या उघड्या डोळ्यावर बोट ठेवलं.

"ऊन बम होतं थ्या दिवशी. त्याची सावली पडली, म्हनून एवढा डोया उघडा राह्यला."

धिक्कार, निषेध, जाहीर आव्हान, सगळं मला तोंडपाठ आहे. माफीचं पत्रक मी कधी लिहिलेलं नव्हतं. जुनी फ्रेम खिळ्याला अडकवायला मी स्टूल धरलं, तेवढंच जमलं.

पुढच्या आठवड्यात नव्या पत्रकावर टाकायला मला माझा फोटो हवा होता. संध्याकाळी पाचच्या सुमारास आम्ही स्टुडिओमागच्या मोकळ्या जागेत गेलो. दिगांभाऊ मला हातवारे करत फिरवू लागला.

"भाऊ, मी इथंच उभी राह्यते," मी म्हटलं. "तुमी तिकडं जा. उन्हाकडं पाठ करा."

"येडी हायेस का? माही सावली येईन ना तुह्यावर."

"येऊ द्या."

त्याने कॅमेरा खाली घेतला. माझ्याकडे पाहिलं, मग सूर्याकडे. मग तिकडे जाऊन उन्हाकडे पाठ करून उभा राहिला. सावली माझ्या पायांपर्यंत आली. तो एक पाऊल पुढे आला, तशी गुडघ्यांपर्यंत.

मग म्हणाला, "थांब जरासक." आणि खिशातून कंगवा काढून, सावलीकडे पाहत पाहत, त्याने नीट भांग पाडला.