उलट्या बाजूची फुली

"कमरेत सुई खुपसून पाय बरा होतो? मग उद्या माझ्या गाडीच्या टपावर मलम चोळा, पंक्चर निघेल!" शेजारचा ड्रायव्हर भर जिन्यात ओरडला आणि सगळा मजला खो-खो हसला.

शिंपीमास्तर कठडा धरून उभे होते. कंबर धरलेली, डावा पाय बर्फासारखा गार आणि आतून नुसती आग. सात महिने शिलाई मशीनच्या पायडलला पाय लागला नव्हता. आता मशीन विकायचीच पाळी आली होती. डॉक्टरांनी सुई सुचवली, तर जन्मभर सुयांत दोरे ओवलेला हा माणूस सुईच्या नावानंच घामाघूम!

पण ड्रायव्हरचं हसणं झोंबलं. "लावता पैज? पंधरा मिनिटं सलग पायडल मारलं तर?"

"तर तुम्ही शिवाल तो झालरींचा फ्रॉक घालून चौकात उभा राहतो. नाही जमलं तर तुम्ही घालायचा!"

"ठरलं!"

सुईच्या दिवशी सकाळी मास्तरांनी बायकोला खडू दिला. "डॉक्टरचा घोटाळा नको. कमरेवर डाव्या बाजूला ठळक फुली मार."

तिनं पंचवीस वर्षं कापडावर खुणा केलेल्या. खूण नेहमी कापडाच्या उलट्या बाजूला, आणि तिथं डावं उजवीकडे जातं. पाठ म्हणजे माणसाची उलटी बाजूच की! तिनं नीट विचार करून उजवीकडे फुली मारली.

मास्तर टेबलावर पालथे झोपले. डॉक्टर थबकले. "कागदावर डावा पाय, पाठीवर उजवी फुली. मास्तर, दुखतो कुठला?"

"डावा!"

"मग हे काय?"

"बायकोला विचारा!"

बायकोला दाराशी बोलावलं. ती उलट डॉक्टरांवरच उखडली. "बरोबर आहे ती खूण! सुलटं करून बघा, डावीकडेच येईल!"

"अहो वहिनी, सुलटं केलं तर सुई पोटातून द्यावी लागेल!"

"अगं बाई, नको!" पालथे मास्तर किंचाळले.

शेवटी नर्सनं दोन्ही पावलांना लावलेल्या तापमानाच्या तारांच्या आकड्यांकडे बोट दाखवलं. उजवा तेहेतीस, डावा सत्तावीस. "पायच सांगतोय बघा," म्हणत डॉक्टरांनी फुली पुसली. "मणक्याच्या पुढं बारीक नसांचं जाळं असतं. ते उगाच आरडाओरडा करतंय, म्हणून पाय गार आणि आग आग. त्याला जरा गप्प करू."

आधी जागा बधिर केली. मग एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत सुई आत गेली. मास्तरांनी उशी चावली, पण वाटलं होतं त्याच्या निम्मंही दुखलं नाही. थोड्या वेळानं डाव्या पायाचा आकडा हलला. एकोणतीस, एकतीस, तेहेतीस.

"पायावर पांघरूण घातलं का कुणी?"

"नाही. तुमचंच रक्त पोचतंय. कदाचित पुन्हा द्यावी लागेल सुई, पण सुरुवात झकास!"

मास्तरांनी डाव्या पायाची बोटं हलवून बघितली. सात महिन्यांनी तो पाय त्यांना आपला वाटला होता.

निघताना नर्स कुजबुजली, "सांगू नका म्हणालेत, पण तुमचे ते ड्रायव्हर चारदा येऊन गेले. 'सुई फार दुखत नाही ना? मास्तर लई भित्रा आहे. चिडवल्याशिवाय यायचा नाही,' म्हणाले."

दहा दिवसांनी मास्तरांनी मशीन दारात काढलं आणि घड्याळ लावून पंधराच्या जागी वीस मिनिटं पायडल मारलं. त्याच बैठकीत गुलाबी फ्रॉक शिवला. झालरी सात.

संध्याकाळी चौकात ही गर्दी! भरघोस मिशांचा ड्रायव्हर गुलाबी झालरींत उभा. पोरं शिट्ट्या मारतायत, बायका पदरात हसतायत. ड्रायव्हरनं हात फिरवून बघितलं आणि हळूच म्हणाला, "मास्तर, इतक्या झालरी, पण कुठं टोचत नाही हो!"

मास्तर खाली वाकून त्याच्या झालरी सारख्या करत होते. वर न बघताच म्हणाले, "आतून सगळीकडं मऊ अस्तर लावलंय."