वास येऊन राहिला का, मास्तर?

गुणाजीमामा दाढीचा फेस आधी मशीनला लावतात, मग स्वतःच्या गालाला. ब्रश एकच, साबण एकच. त्यामुळे देवळात आरतीला त्यांच्या शेजारी उभं राहिलं की गॅरेजात उभं असल्यासारखं वाटतं.

मशीन होडीचं आहे. हिंगोलीच्या आमच्या गल्लीत होडी कुठून आली, असं कोणीही विचारेल. धरण इथून तासाभराच्या वाटेवर. मामा तिथे सरकारी होडी चालवायचे. नवं मशीन आलं तेव्हा जुनं भंगारात निघालं, आणि मामांनी ते निवृत्तीच्या हारासकट घरी आणलं. अंगणात लाकडी घोड्यावर ते टांगलेलं असतं, पंखा निळ्या पिंपात बुडालेला. दर रविवारी सकाळी दोरी ओढली की पिंपातलं पाणी उसळतं आणि गल्लीतली कुत्री समोरच्या शाळेच्या आवारात जाऊन बसतात.

मशीन चालायचं झकास. "तकलीफ एवढीच हाय," मामा म्हणायचे, "की धूर जिथून जायचा तिथून न जाता मधूनच निघून राहिला." धुराच्या झाकणाच्या सांध्यात गळती होती. धूर जायची वाट चिंधीने बुजवायची, सायकलच्या पंपाने हवा मारायची आणि सांध्यावर फेस लावायचा. फुगा आला तिथे गळती. मग मशीन चालू करून डोक्यावरची पांढरी टोपी सांध्याजवळ धरायची. टोपी काळी झाली की झाकण पुन्हा खोलायचं.

झाकणाखाली बसवायचं पॅकिंग आता कुठे मिळत नाही. मामा ते घरीच कापतात आणि नमुन्याला लग्नपत्रिका वापरतात. कोणी पत्रिका दिली की नाव वाचायच्या आधी ती दुमडून बघतात. "पातळ हाय. पोराकडचे कंजूष दिसून राहिले." माझ्या मुलीची पत्रिका त्यांना फार आवडली. इतकी आवडली की त्याच दुपारी कापली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मामा-मामी नटूनथटून मांडवात आले, तेव्हा मांडववाले कनाती गुंडाळत होते.

"अवो, तारीख वाचायची न्हाई का?" मी म्हणालो.

"वाचनारच होतो. तकलीफ एवढीच हाय, की तारखेवर बोल्ट आला."

मामी पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसता हसता त्यांना धाप लागली. त्यांना दमा आहे. आणि सगळं घोडं तिथेच अडलं होतं. मामींचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्यांना एकदा होडीतून त्या घरावरून जायचं होतं, पाण्यात माहेरची ओटी सोडायची होती. सरकारी होडीत घरची माणसं बसवायची नाहीत, म्हणून ते नोकरीत झालं नाही. नारळ, खण आणि हळकुंडं बांधलेलं गाठोडं देवघराखाली तयार असायचं. नारळ तेवढा वरचेवर बदलायचा. मामींनी मामांना एकच अट घातली होती, "धूर नगं."

आता माझं सांगतो. हे मी आजवर घरातसुद्धा बोललो नाही.

त्या मोठ्या साथीत मामांना वास येणं बंद झालं, ते परतलंच नाही. टोपीवर डाग पडण्याइतका धूर नसला तरी वास असतो, आणि मामींच्या छातीला तेवढा पुरे. म्हणून शेवटचा निकाल माझ्या नाकाचा. "मास्तर, नाक द्या जरा." मी वाकायचो, हुंगायचो. "वास येऊन राहिला का, मास्तर?"

गेल्या दिवाळीला वास थांबला. अगदी थांबला. मी मात्र म्हणालो, "येतोय मामा, थोडा."

कारण ठरलं होतं, की पहिल्या फेरीला मी मशीनजवळ बसायचं, नाक लावून. मला पोहता येत नाही. पाण्याची भीती एवढी, की मी आंघोळसुद्धा तांब्यातांब्याने करतो. मुलांना शौर्यकथा शिकवणारा माणूस हे कोणाला सांगणार? दर रविवारी खोटं बोललो. दर रविवारी मामांनी झाकण खोललं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मामी आमच्या दारात आल्या. "भाऊ, पायऱ्या चढताना दम लागून राहिला. औंदा तरी होईल का वो?"

त्यांच्यामागोमागच मी मामांच्या अंगणात गेलो. "मामा, दिवाळीपासून वास नाही. मी खोटं बोललो. मला पाण्याची भीती वाटते."

मामांनी ब्रश खाली ठेवला. डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिली. पांढरीशुभ्र होती. "मले का डोळे न्हाईत, मास्तर? पहिल्याच महिन्यात वळखलं, की तुमी खोटं बोलून राहिले."

"मग झाकण काहून खोलत होता?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. "नोकरीत व्हतो तवा रोज सांजच्याला घरी येऊन तिला सांगायचो, आज तुझं घर दिसलं. आज तुळस दिसली. पायरीवर मासळी बसली व्हती. लई खूश व्हायची लेकरावानी." मग म्हणाले, "तिथं काय दिसतंय, मास्तर? नुसतं गढूळ पानी. तिला नेलं तर कळंल की न्हाई?"

"पण मामी औंदा तरी होईल का म्हणून विचारून गेल्या," मी म्हणालो, आणि पुढच्या रविवारी आम्ही गेलो. होडी ओळखीच्या मच्छीमाराची, मशीन मामांचं. माझ्या अंगावर त्याने ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब चढवली, त्यावर मामी मनसोक्त हसल्या. मशीन पहिल्या ओढीला लागलं. मधोमध मामांनी ते बंद केलं. "इथं," ते म्हणाले.

मामींनी ओटी सोडली. मग काठावर दोन्ही हात टेकून वाकल्या. पाणी चहासारखं होतं. बराच वेळ बघत राहिल्या.

"अवो," मग म्हणाल्या, "तुळस वाढली की."

मामांनी दोरी ओढली. मशीन लागलं. धूर बराबर पाण्याखालून जात होता, कुठे कणभर नाही. मामांनी टोपी डोळ्यांवर ओढली, पण गालावरून ओघळलेलं लपलं नाही.

"भाऊ," मामी हसून म्हणाल्या, "ह्यांच्या डोळ्याला काय झालं?"

मामा माझ्याकडे बघत होते. "धूर हाय. वास येऊन राहिला ना, मास्तर?"

ट्यूब सावरत मी मशीनजवळ वाकलो आणि नीट हुंगलं.

"व्हय मामा," मी म्हणालो, "थोडा येऊन राहिलाय."