मल्ल संघाचा नववा नियम

"कऱ्हेपासून भीमेपर्यंतच्या मुलखात चोर झोपेतून दचकून उठतो, तो कुणाच्या नावानं? माझ्या!"

असं चिंतामणराव घड्याळजी स्वतःच सांगत. दुसरं कुणी सांगत नसल्यामुळे ते काम त्यांच्यावरच येऊन पडलं होतं. बारामतीच्या पेठेत त्यांचं दोन हात रुंदीचं दुकान होतं. पाटीवर वरच्या ओळीत 'येथे घड्याळे दुरुस्त होतील' आणि खालच्या ओळीत 'गुन्हे उघडकीस येतील' असं रंगवलेलं होतं. गेल्या पाच वर्षांत दोन्ही ओळी भविष्यकाळातच राहिल्या होत्या.

"महिपती, हा माझा डोळा नुसता डोळा नव्हे," घड्याळं बघायचं भिंग डोळ्यात खुपसून ते म्हणत. "माणूस उंबऱ्यात उभा राहिला रे राहिला, की त्याचं नाव, गाव आणि पाप मला एकदम दिसतं."

महिपती कालव्याच्या पाण्यावर वांगी पिकवणारा साधा बागाईतदार. तीन वर्षांपूर्वी गजराचं घड्याळ दुरुस्तीला टाकायला आला, तो अडकलाच. घड्याळ काही परत मिळेना, आणि मागायला गेलं की चिंतामणराव त्याला कुठल्यातरी तपासाला जुंपत. पेठेतले लोक त्याला डिटेक्टिव्हचा असिस्टंट म्हणत. घरी बायको जे म्हणे ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

सन पंचावन्नच्या चैत्रात एका सकाळी दुकानात एकदम अंधार झाला. उंबऱ्यात एक धिप्पाड तरणा गडी उभा होता. चिंतामणरावांनी भिंग लावलं.

"बसा. कान चुरगळलेले आहेत. म्हणजे लहानपणी मास्तरांनी फार पिळले. म्हणजे शाळा अर्धवट सुटली. मानेला लाल माती. म्हणजे तुम्ही कौलांच्या भट्टीवर कामाला आहात."

"मी लोणी भापकरचा गेणू पैलवान," गडी म्हणाला.

"तेच म्हणतोय मी."

गेणूच्या पाठीमागून त्याची आई सरुबाई पुढं आली. ती गेणूच्या निम्मी होती, पण दुकानात शिरल्यावर जागा तिनंच जास्त व्यापली.

"लासुर्ण्याच्या जत्रंत ह्येची कुस्ती लागलीया," ती म्हणाली. "सांगलीकडल्या नामी पैलवानासंगं. जिकला तर कालवड मिळनार हाय, कालवड! आन् ह्यो बाबा घरात बसतो म्हंतोय!"

"का बरं?"

गेणूनं आधी मागं वळून रस्त्यावर पाहिलं. मग वाकून, जवळजवळ कानात, तो म्हणाला, "नियम नऊ."

महिपतीनंही रस्त्याकडे एक नजर टाकली. नियम नऊ सगळ्यांनाच ऐकून माहीत होता. बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांत मिळून पैलवानांचा एकच मल्ल संघ होता आणि त्याचे अध्यक्ष होते आबासाहेब. जोड कुणाची कुणाशी लावायची ते आबासाहेब ठरवत. पंच आबासाहेब नेमत. पैलवान कुणाला म्हणायचं आणि कुणाला नाही, हेही तेच सांगत. वर पुन्हा त्यांचं स्वतःचं तिकिटाचं मैदान बारामतीत भरे, तेही नेमकं लासुर्ण्याच्या जत्रेदिवशी, कारण ती एकच जत्रा गावकरी त्यांना न विचारता भरवत. लासुर्ण्याला जाण्याचा विचार कुणी केला, की आबासाहेब पानाचा तोबरा गालात सरकवत एवढंच विचारत, "नियम नऊ ठावं हाय न्हवं?" नियम मोडणाऱ्याला दोन वर्षं कुठल्याच मैदानात उतरू देत नाहीत, अशी वदंता होती.

"म्हंजी त्या नियमात नक्की लिव्हलंय तरी काय?" महिपतीनं विचारलं.

"कुनी बगितलाय?" गेणू म्हणाला. "इचारायची छाती कुनाची हाय? माझं पोट कुस्तीवर हाय. दिवाळीपास्नं चैत्रापातूर जत्रा करतो, त्यावर घर चालतंय. दोन वर्सं बसलो तर खावं काय?"

"केस घेतली!" चिंतामणराव उभे राहिले आणि वरच्या फळीवर त्यांचं डोकं आपटलं.

आधी कायदा विचारावा म्हणून मंडळी मोहनराव वकिलांकडे गेली. मोहनराव वयस्क, सावकाश बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि महिपतीकडे वळले.

"तुम्ही वांगी लावता ना? उद्या बारामतीच्या अडत्यानं तुम्हाला बजावलं, की इंदापूरच्या बाजारात वांगं नेलंस तर दोन वर्षं माझ्या दारात गाडी उभी करायची नाही. आणि दोन्ही तालुक्यांत अडत्या तो एकटाच. चालेल?"

"चालंल कसं? वांगं काय दोन वर्सं थांबतंय व्हय?"

"पैलवानाचं वयही थांबत नाही. करार कायद्याचं सत्ताविसावं कलम आहे. माणसाला त्याचा कायदेशीर धंदा करायला आडकाठी घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. पण त्यासाठी तो नियम मला वाचायला हवा. न पाहिलेला साप कुठल्या काठीनं मारू? कागद आणा."

"चोवीस तासांत आणतो," चिंतामणराव म्हणाले. इतकी वर्षं त्यांनी प्रत्येक घड्याळाच्या बाबतीत हेच सांगितलं होतं.

संघाची तालीम पेठेच्या टोकाला होती. गेणूही तिथंच आबासाहेबांच्या हाताखाली तयार झालेला. एका बाजूला कुस्तीचा हौदा, दुसऱ्या बाजूला भिंतभर दोरी, आणि दोरीवर बारा महिने ओळीनं वाळत टाकलेले पंचवीसेक लंगोट. चिंतामणराव भिंतीला भिंग लावून सरकू लागले.

"महिपती! लाल माती! चोर इथून गेलाय."

"राव, ही तालीम हाय. हितं लाल मातीच हाय."

"म्हणूनच त्यानं ही जागा निवडली. पक्का बेरड दिसतो." पुढं कोळशानं लिहिलेले आकडे दिसले. पाचशे, सातशे, हजार. चिंतामणराव दोन पावलं मागं सरले. "सांकेतिक लिपी!"

"त्यो माझ्या बैठकांचा हिशेब हाय," एक पैलवान म्हणाला.

चिंतामणरावांनी त्याच्याकडे संशयानं पाहिलं आणि वहीत 'साक्षीदार सफाईदार खोटे बोलतो' असं टिपून घेतलं. मग ते डोळे मिटून पाच मिनिटं उभे राहिले. उघडले तेव्हा त्यांत दिव्य तेज होतं.

"माणूस मौल्यवान वस्तू कुठं ठेवतो? पुरतो! नियमांचा कागद हौद्यात पुरलाय. खणा!"

तालमीतल्या पैलवानांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मोठ्या आनंदानं दोन फावडी आणून दिली. दुपार टळेपर्यंत चिंतामणराव आणि महिपती हौदा खणत होते. पैलवान काठावर बसून "तिकडच्या कोपऱ्यात बघा, तिकडं राहिलंय," असं मार्गदर्शन करत होते. कमरेइतकं खणून झाल्यावर एकानं तेल आणि ताक आणून मातीत ओतलं.

"हे कशाला?" चिंतामणरावांनी घाम पुसत विचारलं.

"दर पंधरा दिवसाला हौदा उकरायचा अस्तोय. आज आमचीच पाळी हुती. लई उपकार झाले."

महिपतीची पाठ धरली होती. कारल्याचा मांडव घालतानासुद्धा त्याची अशी दशा होत नसे. तेवढ्यात दारात करकर वाजणाऱ्या चपलांचा आवाज झाला आणि आबासाहेब आत आले. गालात नेहमीचा तोबरा होता.

"काय शोधताय, घड्याळजी?"

"नियम नऊ!" चिंतामणराव खड्ड्यातून म्हणाले. "आबासाहेब, खेळ संपला. कागद काढा."

आबासाहेब गडगडून हसले. "कागद कशाला पायजे? माझ्या आदीच्या अध्यक्षांनी मला सांगितलं, त्यांच्या आदीच्यांनी त्यास्नी सांगितलं. नियम नऊ म्हटलं की पैलवान सुतासारका सरळ व्हतो. येवढं पुरं हाय की!"

महिपतीला पहिल्यांदाच शंका आली, की या गृहस्थांनीही तो नियम कधी वाचलेला नाही.

इतक्यात दारात गलका झाला. सरुबाई आली होती. मागं तिनं ओढून आणलेले, छत्री घेतलेले मोहनराव वकील आणि सर्वांत मागं, जमिनीत शिरता आलं तर बरं अशा चेहऱ्याचा गेणू. अंघोळीला बसलेले दोन पैलवान किंचाळून खांबाआड पळाले.

"बाई मानसानं तालमीत यायचं न्हाय!" आबासाहेब ओरडले.

"तुमच्यासारकी धा लेकरं न्हाऊ घातल्यात म्या," सरुबाई म्हणाली आणि सरळ आत शिरली. "तुमचा नियम तुमच्यापाशी ठेवा. माझ्या पोराचा लंगोट माझ्या घरी नेते. त्यो संघानं न्हाय दिलेला, म्या इकत घेतलाय."

तिनं दोरीवरचा लंगोट ओढला. तो शेजारच्या लंगोटाला गुंडाळलेला होता, शेजारचा त्याच्या शेजारच्याला. सरुबाईनं दात-ओठ खाऊन हिसडा दिला. खुंटी निघाली, दोरी तुटली आणि पंचवीसच्या पंचवीस लंगोट भुईवर आले.

मागच्या भिंतीवर काळ्या रंगाचा मोठा चौकोन होता आणि त्यावर पांढऱ्या रंगानं सुबक अक्षरं काढलेली होती.

"ह्ये काय गिचमिड लिव्हलंय?" सरुबाईनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

महिपती चौथी पास होता. तो खड्ड्यातून वर चढला आणि मोठ्यानं वाचू लागला. "मल्ल संघाचे नियम. एक, सूर्योदयापूर्वी हजर राहावे. दोन, वस्तादांस नमस्कार करून हौद्यात उतरावे. तीन, नखे कापावीत..."

गेणूनं आईचा पदर धरला होता.

"...आठ, दुसऱ्याचे तेल वापरू नये. नऊ..." महिपती थांबला. त्यानं डोळे चोळून पुन्हा पाहिलं. "नऊ, तालमीत पान अगर तंबाखू खाऊन थुंकू नये."

सगळ्यांच्या नजरा आबासाहेबांच्या फुगलेल्या गालाकडे वळल्या. आबासाहेबांना काहीतरी बोलायचं होतं, पण तोंड उघडण्याची सोय नव्हती आणि थुंकण्याची तर त्याहून नव्हती. त्यांचा चेहरा आधी लाल, मग जांभळा झाला. शेवटी डोळे मिटून त्यांनी सगळा तोबरा गिळला. खांबामागून कुणीतरी "व्वा!" म्हणालं.

"दहावा नाहीच?" मोहनरावांनी चष्मा सारखा करत विचारलं.

"न्हाय. खाली रंगाऱ्याचं नाव हाय."

आबासाहेबांना उचकी लागली, पण ते हार मानणाऱ्यांतले नव्हते. "मग धावा नियम आत्ता करतो! आमच्या पैलवानानं दुसऱ्याच्या मैदानात जायचं न्हाय! लिवा रे!"

"लिहा," मोहनराव शांतपणे म्हणाले. "नखं कापा म्हणा, अंगाला तेल चोपडून लढू नका म्हणा, पंचाचा निकाल माना म्हणा. संघाला शिस्तीचे नियम हवेतच, त्याशिवाय खेळ उभा राहत नाही. पण या पोरानं पोट फक्त तुमच्याच मैदानात भरावं, हा नियम शिस्तीचा नव्हे. तो तुमच्या मैदानाच्या फायद्याचा आहे. कोर्टात टिकणार नाही."

"वकीलसाहेब, कुस्ती हा काय किराणा हाय? ह्यो धंदा न्हाय, धर्म हाय!"

"मग तिकीट का लावता?"

आबासाहेबांना पुन्हा उचकी लागली. या वेळी तिचा पानाशी संबंध नव्हता.

"दुकानही तुमचं आणि बाजारातला तराजूही तुमच्याच हातात," मोहनराव म्हणाले. "यातलं एक कधीतरी सोडा."

चिंतामणराव हौद्यातून बाहेर यायची धडपड करत होते. "मला सुरुवातीपासून भिंतीचाच संशय होता," ते म्हणाले. कुणी हात दिला नाही, म्हणून महिपतीनं दिला.

दुसऱ्याच दिवशी आबासाहेबांनी दवंडी पिटवली, की बारामतीच्या मैदानात पहिल्या जोडीला म्हैस! लासुर्णेकरांनी कालवडीबरोबर चांदीचं कडं जाहीर केलं. गावोगावचे पैलवान आयुष्यात पहिल्यांदाच सावकाश विचार करू लागले. गेणूही म्हशीच्या नावानं जरासा विरघळला होता, पण सरुबाई म्हणाली, "लासुर्ण्याला शबूद दिलाय. म्हस फुडच्या वर्साला."

जत्रेदिवशी लासुर्ण्याच्या माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. हलगी कडकडत होती. चिंतामणरावांचं लक्ष मात्र कुस्तीकडे नव्हतं. उन्हाच्या कडाक्यात डोक्यापासून घोंगडी पांघरून बसलेला एक माणूस त्यांनी हेरला होता.

"चैत्रात घोंगडी! महिपती, हा फरारी दरोडेखोर."

"हिवताप असंल, राव. गप कुस्ती बघा."

महिपतीचा जीव हौद्यात होता. सांगलीकडचा पैलवान गेणूपेक्षा वजनानं भारी होता. पाव तास झाला, अर्धा झाला. गेणू दमला. एकदा तर तो पुरता खाली गेला आणि सरुबाईनं डोळ्यांवर पदर घेतला. महिपतीनं शेजारच्या अनोळखी माणसाचा हात कधी आवळून धरला, ते त्यालाही कळलं नाही.

आणि घोंगडीतून गर्जना झाली. "ढाक लाव, गेणू! त्येचा डावा पाय मोकळा हाय, ढाक लाव!"

आवाज ओळखीचा होता. गेणूनं विचार केला नाही, तालमीत इतकी वर्षं जसा ऐकला तसाच तो ऐकला. एक हिसका बसला, आणि सांगलीकडचा पैलवान चारी मुंड्या चीत झाला. त्याच क्षणी चिंतामणरावांनी "सापडला!" म्हणत झेप घालून घोंगडी खेचली. आत आबासाहेब होते, दोन्ही मुठी हवेत आणि डोळ्यांत पाणी.

"अध्यक्ष, तुमचं मैदान?" महिपतीनं विचारलं.

"दुपारीच उरकलं," आबासाहेब खालच्या आवाजात म्हणाले. "बगायला तिघं हुते, त्यातला एक तिकिटं फाडनारा. मग म्हटलं, आपला गडी कसा खेळतोय तरी बगावं."

लासुर्णेकर मोठ्या मनाचे. गेणूला कडं चढवल्यावर त्यांनी आबासाहेबांनाही वस्ताद म्हणून फेटा बांधला.

संध्याकाळी एसटीच्या कंडक्टरनं कालवड घ्यायला साफ नकार दिला. त्यामुळे सगळी वरात कालव्याच्या कडेनं चालत निघाली. पुढं चिंतामणराव, कालवडीच्या खुरांचे ठसे भिंगातून तपासत, कालवड त्यांच्या शेजारूनच चाललेली असताना. मागं गेणू आणि महिपती. आबासाहेब बराच वेळ घुटमळले आणि मग सरुबाईच्या बरोबरीनं चालू लागले.

"फुडच्या वर्साला माझं मैदान आठ दिस आदी घ्यावं म्हंतो," ते म्हणाले. "म्हंजी पोरास्नी दोनीकडं जाता यील. गेणूला धाडशील न्हवं?"

सरुबाईनं कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला.

"बगू की," ती म्हणाली. "लासुर्ण्याची मानसं काय देत्यात, त्ये आदी इचारते."