गुंडेरावांचा बिनदुधाचा चहा

आमचे गुंडेराव मास्तर चहा कोरा प्यायचे. आवड म्हणून नव्हे. अख्ख्या परभणीत एकही गवळी त्यांना दूध घालायला तयार नव्हता म्हणून. गवळी दारात आला की मास्तर त्याला उजवा हात वर करायला लावायचे. "म्हण, ईश्वराला हाजिर-नाजिर जाणून खरं सांगतो, ह्यात पाणी नाही." एक गवळी हसला, दुसरा चिडला. तिसरा बिचारा भला माणूस. त्यानं हात वर केला, "ईश्वराला" एवढं म्हणाला आणि तिथंच अडकला. मग चरवी उचलून निघून गेला, तो पुन्हा त्या गल्लीत फिरकला नाही.

"हलफ घ्या, मग बोला," हे मास्तरांचं पालुपद. निजामाच्या राज्यात कचेरीचा कारभार उर्दूत चाले, आणि शपथेला सगळे हलफच म्हणत. पण कचेरीतली हलफ मास्तरांनी पार भाजीबाजारापर्यंत नेली होती. एकदा त्यांनी वांगेवालीलाही हात वर करायला सांगितलं. ती म्हणाली, "वांग्याच्या पोटात काय हाय ते वांग्याला इचारा की मास्तर, मला कामून इचारायलाव?" मास्तर म्हणाले, "बरोबर आहे बाई तुझं." मग वांगी न घेताच परत आले. असल्या माणसाला जगाचा जाच होतो की जगाला त्याचा, हे मला अजून उमगलेलं नाही.

मास्तर एके काळी चांगले चालते वकील होते. शेवटचा मुकदमा त्यांनी सखारामच्या साक्षीवर जिंकला. हा सखाराम म्हणजे कचेरीपुढच्या लिंबाखाली बसणारा भाड्याचा साक्षीदार. पैसे द्या, तुमची म्हैस कुठल्या दिवशी कुणी सोडून नेली ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगेल. त्या मुकदम्यात एक निरपराध माणूस तुरुंगात गेला, आणि सखारामची साक्ष बनावट होती हे मास्तरांना नंतर कळलं. त्यांनी वकिली सोडली. लिंबासमोरून जायची वेळ आली की मान दुसरीकडे वळवायचे. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही. कापसाच्या गोदामावर अण्णासाहेब वकिलांनी कानूनचा मदरसा, म्हणजे कायद्याची शाळा, काढली, तिथं हे शिकवायला लागले आणि मागच्या खोलीत राहायलाही लागले.

त्या मदरशाचं काय सांगावं! खाली सरकीचा वास, वर आम्ही. वकिलीच्या परीक्षेला बसायचं तर मदरशाचा दाखला लागे. अण्णासाहेबांच्या पटावर बड्याबड्या घरची पोरं होती, पण ती आपापल्या गावी मजेत. फी यायची, दाखला जायचा, पोरगं काही दिसायचं नाही. बाकांवर खरे बसणारे आम्ही चार-पाच गरिबाघरचे. मी झरीहून पायी यायचो. मास्तर तेवढ्यांनाच असं शिकवायचे, की जणू पुढं भरलेला इजलास आहे, न्यायाधीशासकट. शिकवून झालं की "जेवलास का रे?" विचारायचे, आणि "हो" म्हटलं तर हात वर करायला लावायचे. हलफ घेऊन खोटं बोलवत नसे, म्हणून मी त्यांची भाकरी पुष्कळदा खाल्ली.

एक दिवस खबर आली, हैदराबादेहून साहेब मुआयन्याला, तपासणीला येतायत. बाकं रिकामी दिसली तर मदरसा बंद, आणि आमचं शिक्षणही खलास. हैदराबादेला जाऊन शिकायची ऐपत होती कुणाची? अण्णासाहेब मात्र शांत. म्हणाले, "बाकं भरून टाकू." आणि भरली की हो! कचेरीपुढच्या लिंबाखालची सगळी साक्षीदार मंडळी उचलून आणली, एकेकाला एकेका बड्या पोराचं नाव दिलं. सखारामच्या वाट्याला चारठाण्याकडच्या एका जमीनदाराचा विशीतला मुलगा आला. मिशी काढली, केसांना कलप लावला, तरी पन्नाशी लपेना. मास्तर ओठ आवळून खिडकीशी उभे राहिले. आम्हाला वाटलं, आता हे खरं ते बोलणार आणि आपल्या तोंडचं पाणी पळणार.

साहेब आले. शेरवानी, रुमी टोपी, वयस्क, सभ्य माणूस. त्यांनी नेमकं सखारामलाच उठवलं. "नाम?"

सखाराम उठला, आणि सवयीनं हात वर! एका दमात सुरू झाला, "हाजिर-नाजिर जाणून सांगतो सरकार, नाव अमुक, बापाचं नाव तमुक, उमर बीस साल, धंदा शेती. मी मोक्यावर हजर होतो, समदं माझ्या डोळ्यांनी पाह्यलं."

"क्या देखा?" साहेबांनी विचारलं.

सखारामनं मागं वळून बघितलं. काय पाहिलं ते अण्णासाहेबांनी सांगितलंच नव्हतं. आम्ही हसू दाबून खाली बघायला लागलो. अण्णासाहेब घाम पुसत होते. साहेब मास्तरांकडे वळले. "मास्तरसाहब, आपकी बात काफी है. ये सब आपके शागिर्द हैं?"

मास्तर पुढं आले. कोटाची गुंडी लावली. उजवा हात वर केला. "हलफ घेऊन सांगतो," म्हणाले आणि आम्हा चार-पाच जणांकडे बघितलं. "हे सगळे... हे सगळे माझे..."

पुढं शब्द फुटेना. मानेच्या शिरा फुगल्या. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. अरे देवा, हा माणूस खोटं बोलायला निघालाय! आमच्यासाठी!

तेवढ्यात मागून सखाराम म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मास्तर. ह्ये तुमचं काम न्हाई."

तो बाकावरून बाहेर आला. "सरकार, मी सखाराम. कचेरीपुढं लिंबाखाली बसतो, पैसे घेऊन गवाही देतो. आमी समदे तसलेच. ह्ये मास्तर खोटं बोलायलेत, पर त्यांना येईना. उगं पाप लावून घ्यायलेत जिवाला. ही पुढची चार-पाच पोरं तेवढी त्यांची."

साहेबांनी टोपी सारखी केली आणि जिना उतरले. मदरशाला कुलूप लागलं. अण्णासाहेबांचं काय बिघडलं? काही नाही. बड्यांची पोरं दुसरीकडून वकील झाली. मी अडतीत कारकून झालो, अन् तिथंच म्हातारा होईन. असो.

गोदामाच्या मालकानं मास्तरांना मागची खोली तेवढी ठेवू दिली. काही दिवसांनी मी भेटायला गेलो. राहवलं नाही, विचारलं, "मास्तर, तुम्ही आणि खोटी हलफ? का हो?"

ते चुलीवरचं आधण बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही गेल्यावर, जेवलास का म्हणून मी विचारायचं तरी कुणाला रे?"

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि सखाराम आत आला. मिशी पुन्हा वाढवलेली, हातात दुधाचा गडू. "घरच्या शेळीचं हाय," एवढंच म्हणाला आणि दाराशी टेकून बसला. मास्तरांनी गडू घेतला आणि सगळं दूध चहात ओतलं.

मी म्हटलं, "मास्तर, हलफ?"

"त्यानं त्या दिवशीच घेतलीय," मास्तर म्हणाले आणि पहिला कप सखारामपुढं सरकवला.