गुलाबी राजवाड्यातून आई बेपत्ता

कोपरखैरणे गावठाणातला एकमेव आंतरराष्ट्रीय गुप्तहेर म्हणजे आपण, असं केतन म्हात्रेचं मत होतं. त्यातला ‘आंतरराष्ट्रीय’ त्याने व्हिसा लागला त्या दिवशी जोडला. मागे सोसायटीच्या टाकीचं झाकण चोरीला गेलं, तेव्हा त्याने महिनाभर सगळ्या बिल्डिंगवर पाळत ठेवली होती. झाकण टाकीतच पडलंय, हे शेवटी प्लंबरने सांगितलं. “माझ्या दबावामुळे बोलला,” असं केतन अजूनही म्हणतो आणि त्याची बायको नमिता अजूनही हसू दाबते.

टूरवर निघताना कामं वाटून घेतली होती. पासपोर्ट नमिताने सांभाळायचे आणि आईला केतनने.

युरोपात, डॅन्यूब नदीकाठच्या एका जुन्या गावात, दगडी गल्ल्यांच्या मधोमध, उंच खांबांचा गुलाबी राजवाडा होता. केतनची आई, पुतळाबाई, निघाल्यापासून एकच घोकत होत्या. “मना रानीची खोली बगाची हाय. बाकी तुमचं तुमी बगा.”

वर आरशांच्या दालनात पोचल्यावर नमिताने सहज मागे पाहिलं. आरशांत जिकडे तिकडे केतनच केतन दिसत होता. पुतळाबाई एकाही आरशात नव्हत्या.

बस सुटायला अर्धा तास राहिलेला. आईंना मराठीशिवाय दुसरी भाषा येत नाही आणि त्यांचा फोन नमिताच्या पर्समध्ये.

“कशाला हात लावू नको,” केतन म्हणाला. “राजवाड्यात चोरवाटा असतातच. आईचा रुबाब बघितला ना? गादीला वारस नसला की हे लोक असल्या बायका उचलतात.”

“कानटोपी घातलेल्या?”

“ते वेषांतर.”

तो भिंती ठोकत निघाला, आणि खरंच एका नक्षीदार फळीआड दार सापडलं. आत बादली आणि फडकी होती.

“पुरावे पुसायची जय्यत तयारी!”

कोपऱ्यातल्या मिशीवाल्या पहारेकऱ्याने ओठांवर बोट ठेवलं.

“बघ, तोंड बंद ठेवायची धमकी देतोय,” केतन कुजबुजला.

“केतन, टेन्शन येतंय रे मला. आई शेवटच्या कुठे होत्या तुझ्यासोबत?”

“प्रश्न मी विचारतो, नमिता.”

तेवढ्यात त्यांच्याच टूरमधल्या, कामोठ्याच्या सबिहाभाभी धापा टाकत जिना चढून आल्या. “अगं नमिता, तुझी सासू खाली कोटांजवळ बसलीय. मी म्हटलं चला वर, तर हलायलाच तयार नाही!”

खाली प्रवाशांचे कोट खुंट्यांवर टांगलेले होते आणि त्यांच्यासमोर खुर्ची टाकून पुतळाबाई बसल्या होत्या. एक उंच गोरा गृहस्थ कोट घ्यायला वाकला. “ए, कंचा तुजा? दाव आदी!” त्या कडाडल्या. त्याने निमूटपणे दाखवला.

“आये, तू इथे काय करतेस?” केतनने विचारलं.

“तूच बोल्लास ना, कोटांवर लक्ष ठेव, मी आलोच?”

केतनने छताची नक्षी बारकाईने तपासली. “म्हणजे शेवटचा साक्षीदार मीच,” तो सावकाश म्हणाला.

“आरोपीपण,” नमिता म्हणाली. “बस त्या खुर्चीवर.”

“ऱ्हाऊ दे गो,” पुतळाबाई म्हणाल्या. “एकवीरेला गेलो तरी सगल्यांच्या चपलांजवल मीच बसतंय. मना सवय हाय.”

त्या रागाने बोलल्या नव्हत्या, म्हणून नमिताला ते जास्तच लागलं. गेल्या वेळी त्या ढिगात तिच्याही चपला होत्या. सासूबाईंचं दर्शन झालं का, हे तिने विचारलंसुद्धा नव्हतं. तिने त्यांचा हात धरला आणि जवळजवळ धावतच जिना चढवला.

राणीची खोली मोठी दिमाखदार होती. पुतळाबाईंनी पलंग पाहिला, पडदे पाहिले आणि एका काचेच्या पेटीपाशी थांबल्या. पेटीत राणीचे इवलेसे रेशमी बूट होते. शेजारी खुर्चीवर राजवाड्याच्या गणवेशातली एक म्हातारी बाई बसली होती.

पुतळाबाईंनी बुटांकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं. मग कमरेच्या पिशवीतून लिमलेटची गोळी काढून तिच्या हातावर ठेवली.

“हिलापन बसवून इसरलेत,” त्या नमिताला म्हणाल्या. आणि बाईच्या दंडाला धरून तिला उठवू लागल्या. “जा बाय, तू सगला बगून ये. चपलांजवल मी बसतंय.”