मूळचा कल

सोमवारी सकाळी दादा गेला.

दादा लग्नाला गेला की नवरा-नवरीकडे फारसं पाहत नसे. हॉलमधल्या खुर्च्या कुठे वळल्यात ते पाहत असे. म्हातारे काका-मामा कुठेही बसवले तरी हळूहळू जेवणाच्या टेबलांकडे तोंड करत. पोरंटोरं मात्र वाटेल तिकडे. "लाल अन् निळे," असं माझ्या कानात सांगून तो समाधानाने जिलबी घेई. मुलीकडच्या बायका मला हळूच विचारत, हे कुणासाठी स्थळ बघताहेत का.

तो आकाशगंगांचा अभ्यासक होता. कॉलेजातून निवृत्त झाल्यावरही रामदासपेठेतल्या घरी त्यांचे फोटो संगणकावर मोजत बसे. मी त्याची धाकटी बहीण, ग्रंथपाल. भाजी निवडताना त्याने सांगितलं तेवढंच मला कळतं. लांबच्या आकाशगंगेचा प्रकाश वाटेतल्या वस्तुमानामुळे वाकतो, आणि तिचा आकार किंचित ताणलेला दिसतो. असे पुष्कळ आकार मोजले की न दिसणारं वस्तुमान शोधता येतं. पण काही आकाशगंगा शेजारच्या मोठ्या समूहाकडे आधीपासूनच कललेल्या असतात. लाल, जुन्या, गोलसर. जितकी तेजस्वी तितकी जास्त कललेली. निळ्या, गरगर फिरणाऱ्या, त्यांच्यात हा कल जवळपास सापडत नाही. हे वेगळं काढलं नाही तर सगळं गणित फसतं.

"मूळचा कल वजा कर, मंग बोल." हे त्याचं सगळ्यांना उत्तर. समोरच्या घरातले बोकडे एकदा कुरकुरत आले, की गल्लीतले लोक आपल्याला पाहून मान फिरवतात. दादा सकाळभर त्यांच्या फाटकाशी उभा राहिला. "बोकडेभाऊ, त्या बाजूले भाजीवाला उभा राहते गा. तू नसला तरी माना तिकडंच." बोकडे बरेच दिवस आमच्याकडे चहाला आले नाहीत.

स्वतःला तो निळा म्हणवून घेई. आपल्याला कुणाची ओढ नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

वहिनी गेल्यापासून त्याची मुलगी गौरी घरी राहून मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करत होती. तिला परदेशातून मनासारखं काम आलं. तिने नको म्हटलं. इथलंही चांगलंच आहे म्हणाली. नातेवाइकांनी तिचं कौतुक केलं. दादाने कप खाली ठेवला.

"काहून थांबून राहिली तू? माह्या ओढीनं? ती वजा कर, मंग सांग."

गौरीने त्याचा कप उचलून ओट्यावर नेऊन ठेवला. मग म्हणाली, "मग जावंसं वाटतं, बाबा."

"मंग जा."

तिला विमानतळावर सोडून आम्ही ऑटोत बसलो. दादा मान वळवून मागेच पाहत होता. ऑटोवाल्याने विचारलं, काका, काही विसरले काय. नाही म्हणाला, पण मान तशीच. वर्धा रोडला लागल्यावर तो मला म्हणाला, "शालू, मी निळा नाही वं."

हे गौरीला सांगायचं नाही, एवढंच पुढे म्हणाला. मी सांगितलं नाही.

दादा गेल्यावर ती आली, सगळं आटोपून परत गेली. थांब असं मी म्हटलं नाही. घरात आता मी आहे. रविवारी तिचा फोन येतो, तो मी घेते.