लाकडावर लाकूड

"तुमच्याच सॉ मिलचं लाकूड तुमच्या डोक्यावर असेल, बाबा. पलंगावर पडल्या पडल्या गाठी मोजत बसा," असं वेड फ्रीसनने सासऱ्यांना छातीठोक सांगितलं आणि स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला.

वेड कॅनडातल्या प्रिन्स जॉर्ज गावातला कंत्राटदार. म्हाताऱ्या माणसांसाठी तो आठ मजली इमारत बांधत होता, आणि तीही लाकडाची! फळ्यांचे थर एकमेकांना चिकटवून केलेल्या जाडजूड भिंती, तशीच छतं. सासरे ऑर्विल टकाचुक यांचा जन्म सॉ मिलमध्ये गेलेला. मागच्या हिवाळ्यात ते घराच्या बर्फाळ पायरीवरून घसरून पडले, पण एकटं राहायचा हट्ट सोडेनात. वर आपलं लाकूड दिसत असेल तरच नव्या इमारतीत येईन, ही त्यांची अट. बर्फ पडायच्या आत बाबा तिथे आले नाहीत तर माझ्याशी बोलू नकोस, ही वेडची बायको ट्रिनाची अट.

आणि छत बसवून झाल्यावर इन्स्पेक्टरबाई उगवल्या. एवढ्या उंच इमारतीत लाकूड उघडं ठेवायचं नाही, आगीच्या भीतीने सगळं जिप्सम बोर्डाखाली झाकायचं, म्हणाल्या.

"लाकडाची इमारत बांधायची आणि लाकूडच लपवायचं?"

"मलाही नीटसं कळत नाही," बाई म्हणाल्या. "पण नियम आहे."

वेडने निमूटपणे बोर्ड ठोकले. सासऱ्यांच्या खोलीत मात्र रंगारी मरीसला बोलावून बोर्डावर लाकूड रंगवून घेतलं, रेषा आणि गाठींसकट. ऑर्विल बघायला आले, त्यांनी टोपी काढली, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"ही गाठ बघ. अशी गाठ फक्त आमच्या मिलमध्ये यायची."

वेडला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण शनिवारी सामान आणायचं ठरलं, म्हणून तो गप्प बसला.

गुरुवारी सरकारने नियम बदलले. आता लाकूड उघडं ठेवलं तरी चालेल, असं इन्स्पेक्टरबाईंनीच फोनवर सांगितलं. वेडचा जीव भांड्यात पडला. खोटेपणाही गेला आणि खरं लाकूडही मिळालं! त्याच दिवशी त्याने त्या खोलीतले बोर्ड उखडून फेकून दिले.

शनिवारी ऑर्विल बॅग घेऊन आत आले, वर बघितलं आणि दारातच थांबले.

"हे कोणी रंगवलं?"

"बाबा, हे खरं लाकूड आहे. तुमच्याच मिलचं."

"मला लाकूड शिकवतोस, जावईबापू? याला तशा गाठी कुठेत? माझं लाकूड काढून कुठे टाकलंस?"

कचऱ्यात, हे उत्तर वेडने गिळलं. ऑर्विलनी बॅग उचलली. ट्रिनाने नवऱ्याकडे असं बघितलं की त्याने तिथल्या तिथे मरीसला फोन लावला.

सध्या मरीस शिडीवर चढून खऱ्या लाकडावर लाकूड रंगवतोय. इन्स्पेक्टरबाई येऊन बघून गेल्या; हे कुठल्या नियमात बसतं ते शोधताहेत. ऑर्विल खाली बॅगेवर बसून असतात आणि एखादी गाठ चुकली की मरीसला सांगतात. काल त्यांनी वेडला शेजारी बसवून घेतलं.

"आता कसं," ते म्हणाले, "खरं दिसायला लागलं."